वर्गाची प्रगती कशात नोंदवावी: वही, एक्सेल की गूगल शीट्स?

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. दिवाळीपूर्वीचे सत्र त्यामुळे आखूड पडते आणि वर्गाच्या नोंदी कशात ठेवायच्या, हे नागपूरच्या शिक्षकाला सुरुवातीच्या पंधरवड्यातच ठरवावे लागते. छापील मूल्यमापन नोंदवही, शाळेच्या संगणकावरील एक्सेल आणि गूगल शीट्स हे तीन पर्याय समोर असतात. यांतला श्रेष्ठ कोणता, हे सरसकट सांगता येत नाही. वर्ग कोणता आणि त्याला शिकवणारे किती, यावर ते अवलंबून आहे.

राज्यात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीसाठी आकारिक (वर्गात सतत चालणारे) ७० व संकलित (सत्राअखेरचे) ३० असा भारांश आहे, तर सातवी-आठवीत तो ४० व ६० होतो. म्हणजे लहान वर्गांत बरेचसे मूल्यमापन निरीक्षण, तोंडीकाम आणि कृतीवर चालते. ‘जोडाक्षरांपाशी अडखळतो, पण ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो’ अशी नोंद वहीत सहज लिहिली जाते; शीटच्या चौकटीत ती कोंबता येते, पण पुढे कोणी वाचत नाही. वर्णनात्मक नोंदींसाठी वहीला तोड नाही. मात्र गेल्या तीन चाचण्यांत सतत घसरलेली मुले कोणती, असे मुख्याध्यापकांनी विचारले, तर वही पाने उलटायला लावते.

शीटचा खरा उपयोग इथे सुरू होतो, अर्थात केवळ सरासरी काढून थांबले नाही तर. २० गुणांच्या चार चाचण्यांत एकाला ८, ११, १४, १९ आणि दुसऱ्याला १९, १४, ११, ८ गुण मिळाले, तर दोघांचीही सरासरी १३ येते. एक चढतो आहे आणि एक घसरतो आहे, हे त्या आकड्यातून कळतच नाही. म्हणून शेवटच्या चाचणीच्या गुणांतून पहिल्या चाचणीचे गुण वजा करणारा एक स्तंभ हवा आणि उणे आलेल्या आकड्यांना कंडिशनल फॉरमॅटिंगने, म्हणजे अटीनुसार आपोआप रंगवण्याच्या सोयीने, रंग द्यावा. एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्हींत हे पाच मिनिटांचे काम आहे.

गैरहजेरीची नोंदही दोन्हींत सारखीच फसवी असते. १६, १४ आणि १५ गुण मिळवलेली विद्यार्थिनी चौथ्या चाचणीला आली नाही आणि तिथे शून्य भरले, तर सरासरी ११.२५ म्हणजे ५६.२५ टक्के होते. चौकट रिकामी ठेवली, तर १५ म्हणजे ७५ टक्के. श्रेणी क-१ की ब-१, हे त्या एका चौकटीवर ठरते. सरासरीचे ॲव्हरेज (AVERAGE) हे सूत्र रिकामी जागा आणि अक्षरे सोडून देते, त्यामुळे तिथे ‘गैर’ असे लिहिणे सर्वांत सुरक्षित; फक्त मग बेरजेसाठी अधिक चिन्हाऐवजी सम (SUM) हे सूत्र वापरावे, नाहीतर उत्तराऐवजी चूक दिसते.

एक्सेलला इंटरनेट लागत नाही, मोठा तक्ता त्यात झरझर हाताळता येतो आणि छपाई मनासारखी बसवता येते. उणीव एकच, पण मोठी: फाइल ईमेलने फिरू लागली की ‘अंतिम’, ‘अंतिम २’ अशा प्रती तयार होतात आणि खरी कोणती याचा पत्ता लागत नाही. गूगल शीट्समध्ये गणित, विज्ञान आणि भाषेचे शिक्षक एकाच तक्त्यात एकाच वेळी गुण भरू शकतात, कोणी काय बदलले ते इतिहासात दिसते आणि प्रत्येकाचा स्तंभ इतरांसाठी बंद करता येतो. नेट नसताना काम करायचे, तर ऑफलाइनची सोय आधीच सुरू करून ठेवावी लागते. मोबाइलवर चाळीस मुलांचे गुण भरणे कंटाळवाणे आहे. निदान नावांचा स्तंभ गोठवून (फ्रीझ करून) घ्यावा, म्हणजे तक्ता सरकवला तरी तो जागेवर राहतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील नावांची यादी मात्र तिथे अगम्य चिन्हांत दिसते, ती पुन्हा टंकावी लागते.

गूगल शीट्सचा धोका लिंकमध्ये आहे. ‘लिंक असलेले कोणीही’ हा पर्याय निवडून ती पालकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकली, की साऱ्या वर्गाचे गुण साऱ्यांसमोर येतात. एकच टॅब दाखवून बाकीचे झाकण्याची भरवशाची सोय नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, म्हणजे या तक्त्यातली माहिती बालकांची ठरते. आधार क्रमांक आणि पालकांचे मोबाइल क्रमांक या तक्त्यात असूच नयेत, पालकांना प्रगतिपुस्तकच द्यावे.

माझे मत असे: पहिली ते चौथीला, जिथे एकच वर्गशिक्षक बहुतेक विषय शिकवतो, तिथे वही मुख्य ठेवावी आणि गुणांपुरते एक्सेल वापरावे. पाचवी ते आठवीला विषयशिक्षक वेगवेगळे असतील, तर गूगल शीट्सच घ्यावे. कोणतेही निवडले, तरी पहिला स्तंभ जनरल रजिस्टर क्रमांकाचा (प्रवेशाच्या वेळी शाळेच्या नोंदवहीत मिळणाऱ्या कायम क्रमांकाचा) असावा, कारण हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो आणि एका वर्गात एकाच नावाची दोन मुले असू शकतात. पुढे प्रणाली बदलायची झाली, तर गूगलची फाइल एक्सेलच्या स्वरूपात उतरवता येते. क्वेरी किंवा इम्पोर्टरेंजसारखी गूगलची खास सूत्रे तेवढी एक्सेलमध्ये चालत नाहीत, म्हणून ती सुरुवातीपासूनच टाळावीत.