लेपर्ड की टीबर्ड? कोल्हापुरात पहिली फेअरवे ड्रायव्हर घेताना

दिवाळीच्या सुट्टीत भाचीनं आणि मावसभावानं आठवड्याच्या अंतरानं मला एकच प्रश्न विचारला: पहिली फेअरवे ड्रायव्हर कुठली घेऊ? खेळ डिस्क गोल्फचा, म्हणजे फ्रिस्बीसारखी चकती कमीत कमी फेकींत लक्ष्यापर्यंत न्यायची. दोघांचा हात पटर (जवळच्या फेकीची डिस्क) आणि मिडरेंजवर (मधल्या पल्ल्याची) बसला होता आणि दोघांनाही आता पुढचा पल्ला, म्हणजे फेअरवे ड्रायव्हर, हवा होता. भाचीला मी लेपर्ड घ्यायला सांगितली, मावसभावाला टीबर्ड. पुढं दोघं एकमेकांना भेटले आणि मग माझ्याकडं आले. "मामा, नेमकं खरं कुणाला सांगितलंस?" दोघांनाही खरंच सांगितलं होतं. त्यामागचा हिशेब इथं मांडतोय, कारण आपल्याकडं दुकानात जाऊन चार डिस्क हातात घेऊन बघायची सोय माझ्या तरी पाहण्यात नाही. मागवायची ती आकडे बघून, आणि आकडे नीट वाचले नाहीत तर वर्षभर चुकीच्या डिस्कशी झगडत बसावं लागतं.

दोन्ही डिस्क इनोव्हा कंपनीच्या. प्रत्येक डिस्कला चार आकडे असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. लेपर्डचे ६, ५, उणे २, १. टीबर्डचे ७, ५, ०, २. फसगत होते ती पहिल्या आकड्यानं. स्पीड जास्त म्हणजे डिस्क जास्त लांब जाणार, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर बाकीचे तीन आकडे कागदावर आहेत तसे हवेत दिसायचे असतील तर हातात किती वेग लागेल, ते स्पीड सांगतो. ग्लाइड म्हणजे डिस्क हवेत किती तरंगते. टर्न म्हणजे वेगात असताना ती उजवीकडं किती कलते, आणि उणे जितकं मोठं तितका कल जास्त. फेड म्हणजे वेग ओसरल्यावर शेवटी डावीकडं किती वळते. हे सगळं उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी (हात छातीसमोरून मागं नेऊन, हाताची पाठ पुढं ठेवून केलेली फेक). डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

हातात तेवढा वेग नसेल तर टर्न दिसतच नाही, नुसतं फेड दिसतं. नवखा माणूस टीबर्ड फेकतो तेव्हा ती थोडी सरळ जाते आणि मग डावीकडं ओढत खाली बसते. तो म्हणतो, डिस्क वाईट. डिस्क अगदी बरोबर वागलेली असते. म्हणून लेपर्ड आणि टीबर्ड यांच्यातली निवड कंपनीच्या जाहिरातीवर ठरत नाही. ती तुमच्या हातावर आणि तुम्ही ज्या माळावर खेळता तिथल्या वाऱ्यावर ठरते.

आमचा माळ पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबिळाच्या अलीकडं. मालक ओळखीचे, गुरं नसतील तेव्हा खेळू देतात. बास्केट (डिस्क झेलणारी साखळ्यांची टोपली) नाही, वेळूला लाल फडकं बांधून रोवतो. त्यात कमीपणा काही नाही. १९७५ साली डिस्क गोल्फचे जनक एड हेडरिक यांनी कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह इथं पहिला कायमचा कोर्स आखला, तेव्हा तिथंही सुरुवातीला लक्ष्य म्हणून खांबच होते. साखळ्यांची बास्केट त्यांनी नंतर आणली.

भाचीची लेपर्ड पहिल्यांदा नीट उडाली ती सकाळ मला लख्ख आठवते. जानेवारी, सातचा सुमार, पंचगंगेकडं धुक्याचा पट्टा, गवतावर दव, आणि वारा नावाला नाही. तिनं डिस्क टॉवेलनं पुसली. चार बोटं कडेच्या आत घट्ट वळवली, अंगठा वर सपाट दाबला. मी तिला एवढंच सांगितलं, की डिस्कची डावीकडची कड थोडी खाली झुकवून सोड. हात मागं नेला, कोपर पुढं आलं, डिस्क छातीला घासून गेल्यासारखी सुटली. दहाबारा मीटर ती तिरकी गेली, मग हळूच उठून सपाट झाली आणि तशीच सपाट, जमिनीपासून माणसाएवढ्या उंचीवरून, पुढं पुढं जात राहिली. शेवटी एक बारीकसं डावं वळण घेऊन वेळूच्या बाजूला बसली. मिडरेंजनं जी पोरगी ४५ मीटरपाशी थांबायची, तिची ही फेक ६० च्या पुढं गेली. हाताचा जोर तेवढाच होता.

या फेकीला हायझर फ्लिप म्हणतात आणि लेपर्ड घ्यायचं हेच खरं कारण आहे. झुकलेली डिस्क आपोआप सपाट होते ती तिच्या उणे २ टर्नमुळं. टीबर्ड तशीच झुकवून त्याच वेगानं सोडली तर ती उठणार नाही, झुकलेलीच डावीकडं उतरेल. ज्याचा हात अजून बनतोय त्याला लेपर्ड चुकाही दाखवते. सोडताना पुढची कड वर राहिली तर डिस्क आभाळाकडं चढते, थबकते आणि डावीकडं पडते. मनगट वळवून कड उजवीकडं लोळवली तर ती उजवीकडं पळते आणि परत येत नाही. फेक बघूनच कळतं, कुठं चुकलं. टीबर्ड नवख्या हातात प्रत्येक फेक डावीकडंच टाकते, त्यामुळं चूक पुढच्या कडेची की मनगटाची, ते समजत नाही.

मग मावसभावाला टीबर्ड का? त्याचा हात वेगळा आहे. दहा वर्षं क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभा राहिलेला माणूस. चेंडू उचलून कमरेच्या उंचीवरून, आडव्या हातानं सरळ यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये टाकायची त्याला सवय. डिस्क हातात आल्यावर त्यानं बॅकहँडचा विचारही केला नाही, फोरहँडच धरला: तळहात आभाळाकडं, दोन बोटं कडेच्या आत, कोपर अंगाशी, मनगटाचा झटका. रंकाळ्यात चपटा दगड टप्पे खात जावा म्हणून फेकतो ना, तस्सा. या फेकीत वेग सहज येतो, पण सुरुवातीला डिस्क हमखास थरथरत सुटते. थरथरणारी डिस्क तिच्या आकड्यांपेक्षा जास्त कलते. माझी लेपर्ड त्यानं फोरहँडनं सोडली तेव्हा ती ३० मीटरवरच डावीकडं उलथली (फोरहँडमध्ये दिशा उलट होतात) आणि कडेवर लोळत गेली. टीबर्डनं तीच थरथर पचवली. शून्य टर्न असल्यामुळं ती सरळ राहिली, शेवटी उजवीकडं वळून बसली. ७५ मीटर. "आता कसं!" म्हणून त्यानं स्वतःच टाळी वाजवली.

म्हणजे बॅकहँडवाला, हात अजून बनतोय, मिडरेंज ५० मीटरच्या आत: लेपर्ड. फोरहँडवाला, किंवा मिडरेंज ७०-७५ मीटर सरळ टाकणारा: टीबर्ड. हे दोन टोकांचे लोक. मधल्यांचा फैसला वारा करतो, आणि कोल्हापूरच्या वाऱ्याबद्दल जरा सविस्तरच लिहायला हवं.

समोरून वारा आला की डिस्कवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो. डिस्कला जणू तुम्ही तिला आणखी जोरात फेकलंय असं वाटतं, आणि तिचा टर्न वाढतो. मागून वारा असेल तर उलट: टर्न मरतो, फेड वाढतं आणि उचल कमी झाल्यामुळं डिस्क लवकर खाली येते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडं वारा पश्चिमेकडून येतो, आणि उघड्या माळावर तो नुसता येत नाही, ढकलतो. गेल्या जूनमध्ये मी पश्चिमेकडं तोंड करून लेपर्ड सपाट सोडली. २० मीटर गेली नाही तोवर उजवा कान खाली करून वळली आणि वाऱ्यावर स्वार होऊन थेट शेजारच्या उसात. हिरवी डिस्क, हिरवा ऊस. अर्धा तास सरींतून वाकून फिरलो. उसाच्या पात्यांनी दोन्ही हातांवर लाल रेघा उठल्या, त्या रात्री अंघोळीला चांगल्याच चरचरल्या. त्याच जागेवरून टीबर्ड फेकली तर वारा तिचं फेड तेवढं खाऊन टाकतो आणि ती जवळपास सरळ जाते. १२ वेळा जगज्जेता झालेला केन क्लायमो याच डिस्कसाठी ओळखला जातो, त्याच्या नावाची टीबर्डही इनोव्हानं काढली. वाऱ्यात उभं राहून एकदा ती फेकली की या नात्याचं कारण समजतं.

पण पाठीमागून वारा असेल तर त्याच जूनमध्ये लेपर्ड टीबर्डला मागं टाकते. टीबर्ड मागच्या वाऱ्यात दगडासारखी उतरते, लेपर्ड तरंगत राहते. आमचा माळ पूर्व-पश्चिम लांब आहे, त्यामुळं जाताना एक आणि येताना दुसरी, असं चालतं. तुमचं मैदान चारही बाजूंनी इमारतींत किंवा झाडांत असेल तर वाऱ्याचा एवढा विचार करू नका, लेपर्ड घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळच्या शांत हवेतच खेळणार असाल तरी लेपर्ड. उघड्या माळावर बारा महिने खेळणार असाल आणि हात मधला असेल, तर माझं मत टीबर्डकडं झुकतं. पहिले दोन महिने ती डावीकडं पडेल, तेवढं सोसायचं.

इतर दोन नावं हमखास कानावर येतात. फायरबर्ड (९, ३, ०, ४) जोराच्या वाऱ्याची आणि फोरहँडच्या तीव्र वळणाची डिस्क आहे. कामाची आहे, पण पहिली म्हणून नको. लॅटिट्यूड ६४ या कंपनीची रिव्हर (७, ७, उणे १, १) शांत हवेत डोळ्यांचं पारणं फेडते, एवढी तरंगते. पण ७ ग्लाइड वाऱ्यात आवरत नाही, म्हणून आपल्याकडं ती हिवाळ्याचीच. आणि स्पीड १२-१३ च्या डिस्टन्स ड्रायव्हरचा मोह आत्ता टाळा. ७५ मीटरच्या आतल्या हातात त्या लेपर्डपेक्षा आखूड पडतात. स्वतः मोजून पाहा.

प्लास्टिकबद्दल मात्र मी जे सांगतो ते बहुतेक लोक उलट करतात. स्वस्त डीएक्स प्लास्टिक हाताला छान पकड देतं, पण लवकर झिजतं. महाग स्टार आणि चॅम्पियन टिकतात, किंमत साधारण दुप्पट. लोक म्हणतात पहिली डिस्क स्वस्तातली घ्या. लॉनवर खेळत असाल तर ठीक. आपला माळ मुरमाचा, मधूनमधून काळा दगड डोकं वर काढलेला. डीएक्स लेपर्डच्या कडेला इथं थोड्याच दिवसांत दाते पडतात, आणि झिजलेली डिस्क आणखी कलते. आधीच उणे २ असलेली लेपर्ड मग सरळ जायची विसरते. म्हणून लेपर्ड घ्यायची तर स्टारमध्ये. टीबर्ड मात्र खुशाल डीएक्समध्ये घ्या. ती झिजत झिजत सरळ होत जाते, आणि वर्षभरानं तुमच्या हातात लेपर्डच्या जवळपास वागणारी एक डिस्क तयार होते, तीही निम्म्या पैशात. पावसात चॅम्पियन फार निसरडं, तिथं स्टारची पकड बरी. दोन टॉवेल ठेवा, एक चिखलाला आणि एक कोरडा, पिशवीच्या आत.

रंग गुलाबी किंवा भडक केशरी. हिरवा उसात जातो, पिवळा एप्रिलच्या वाळल्या गवतात. पाण्याजवळ खेळू नका, बहुतेक डिस्क बुडतात. रंकाळ्याच्या काठावर तर मुळीच नको. तिथं फिरायला माणसं असतात, लहान पोरं असतात. अल्टिमेट या सांघिक खेळाची फ्रिस्बीही १७५ ग्रॅमचीच असते, पण ती २७ सेंटीमीटर रुंद आणि कडेला गोल. इथं तेवढंच वजन २१ सेंटीमीटरमध्ये, निमुळत्या कडेसह येतं. कुणाच्या तोंडाला लागली तर टाके पडतील. समोर माणूस दिसला की थांबायचं, तो पार होईपर्यंत.

राहिलं वजन. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमात व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅमची मर्यादा आहे, म्हणून या डिस्क १७५-१७६ ग्रॅमपर्यंत येतात. हलकी डिस्क कमी वेगात उडते आणि थोडी जास्त कलते, जड डिस्क वाऱ्यात टिकते. भाचीसारख्या हाताला १६० च्या आसपासची लेपर्ड, मावसभावाला १७० च्या वरची टीबर्ड. मागवताना वजन लिहून घ्या आणि खोका उघडल्या उघडल्या डिस्क पालथी करून बघा, वजन बहुधा पेननं लिहिलेलं असतं. मी एका विक्रेत्याकडून भाचीसाठी १६० ची मागवली होती. आली १७५, आणि वर ऐकून घ्यावं लागलं की "एवढ्यानं काय फरक पडतो." १५ ग्रॅमचा फरक तिच्या मनगटाला पहिल्याच फेकीत कळला. ती डिस्क माझ्याकडं ठेवली, तिच्यासाठी दुसरी मागवली. ती आली १६१ ची, गुलाबी. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून खात्री केली, मगच तिच्या हातात दिली.