मच्छेतल्या शेडसाठी विमा सल्लागार: 5 पैकी 4 तारे

बेळगावजवळच्या मच्छेत माझी फेटलिंगची शेड आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव लोखंडी भागांचे, काठ ग्राइंडरवर घासून द्यायचे, एवढंच काम. माणसं आठ. दहाच्या आत असल्यामुळं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागत नाही, म्हणून कामगार भरपाईची पॉलिसी काढतो.

आधीच्या एजंटानं ती फार स्वस्तात बसवून दिली होती. आठ माणसांची चार केली, 14,000 चा पगार 8,000 लावला आणि त्या चारातले दोघं ‘ऑफिस स्टाफ’. माझ्याकडं ऑफिस म्हणजे एक टेबल आणि एक पंखा! हप्ता पगारावर आणि कामातल्या धोक्यावर ठरतो, तेव्हा ग्राइंडरवाल्याला कारकून केलं की उतरणारच. सगळेच करतात की, म्हणून मीही सही ठोकली.

2024 च्या पावसाळ्यात एका सोमवारी खानापूरकडचा पोरगा मनगटाला प्लास्टर घालून आला. "मालक, कास्टिंग पडलं ओ हातावर." रविवारी सुट्टी आणि सोमवारी प्लास्टर! कुठंतरी गाडीवरनं पडलाय आणि माझ्या माथी मारायलाय, असंच मला वाटलं. त्याची लबाडी पकडायलाच मी ओळखीनं या सल्लागारांना बोलावलं.

आले, चहा नको म्हणाले, आणि पोराला एवढंच सांगितलं, "पहिल्यांदा दाखवलंस तिथली चिठ्ठी आण." चिठ्ठी कन्नडमध्ये. त्यांनी वाचून दाखवली: शनिवार, रात्री 9.40, कामावर लोखंड पडून इजा. हजेरीप्रमाणं तर तो शनिवारी पाचलाच घरी गेलेला. मग ते काही न बोलता माझ्याकडं बघत बसले. शेवटी टेबलाच्या खणातली ओव्हरटाइमची वही मीच काढून दिली. पाच ते दहा, चौघंजण, तिसरं नाव त्याचं. अक्षर माझं.

"पोरगं खरं बोलतंय. कागद तेवढे तुमचे खोटे," म्हणाले. पॉलिसीतल्या चौघांत तो नव्हताच, त्यामुळं क्लेमची वाटच बंद. विमा असो नसो, तेव्हाच्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्यानं देणं मालकाचंच. दवाखान्याचा खर्च आणि हात बरा होईपर्यंत दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे 3,500, खिशातून गेले. त्यापेक्षा त्या पोराच्या तोंडाकडं बघणं जड गेलं.

नवीन पॉलिसी त्यांनी आठही जणांची, खऱ्या पगाराची करून दिली. हप्ता दुपटीच्या वर गेला, बायको अजून बोलून दाखवते. लागलं की त्याच दिवशी जागेचा फोटो, दोघा साक्षीदारांच्या सह्या आणि पहिल्या डॉक्टरची चिठ्ठी, ही सवयही त्यांनीच लावली. कुणी खरंच रविवारचं दुखणं सोमवारी आणलं, तर आता ते तिथंच उघडं पडेल. साक्षीचा मजकूर मराठीत लिहून घेतात, सही करणाऱ्याला वाचता यावा म्हणून. आमच्याकडं हे कुणी करत नाही.

एक तारा कापला, कारण संध्याकाळी सहानंतर फोन उचलत नाहीत. आणि आमच्या शेडीत लागायचं ते बहुतेक ओव्हरटाइमलाच लागतं.