मूव्हिंग मोटिव्हेटर्स: दहा पत्ते, आणि खरं काम दुसऱ्या फेरीत

टीममधल्या माणसाला कामात आतून काय ओढून धरतं, हे शोधायला युर्गन अ‍ॅपेलो यांच्या ‘मॅनेजमेंट ३.०’ या व्यवस्थापन-पद्धतीतला ‘मूव्हिंग मोटिव्हेटर्स’ हा पत्त्यांचा संच चांगला आहे. क्युरिऑसिटी (कुतूहल), ऑनर (आपल्या मूल्यांना धरून काम), अ‍ॅक्सेप्टन्स (इतरांनी स्वीकारणं), मास्टरी (कौशल्यात प्रावीण्य), पॉवर (अधिकार, प्रभाव), फ्रीडम (मोकळीक), रिलेटेडनेस (माणसांशी नातं), ऑर्डर (नियम, स्थैर्य), गोल (ध्येय), स्टेटस (मान, स्थान) असे दहा पत्ते. जाड कागदावर छापा आणि प्रत्येकाला स्वतंत्र संच द्या. एकच संच फिरवला की पहिल्याने लावलेली रांगच बाकीचे गिरवतात.

पहिल्या फेरीत ज्याने त्याने पत्ते महत्त्वाच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे लावायचे, सर्वांत महत्त्वाचा डावीकडे. दहा मिनिटं पुरतात. बऱ्याच टीम इथेच थांबतात, फोटो काढतात आणि विसरतात. नुसत्या क्रमाचा उपयोग फारसा नाही.

दुसऱ्या फेरीत समोर ठाकलेला खरा बदल घ्या. समजा, जुनी पेमेंट सिस्टीम क्लाउडवर न्यायची आहे. या बदलाने जे पत्ते सुखावतील ते वर सरकवायचे, जे दुखावतील ते खाली. डावीकडच्या तीनांपैकी एखादा खाली गेला तर तिथेच थांबून विचारायचं. मास्टरी खाली का? उत्तर नेमकं येऊ शकतं: ‘डिझाइन व्हेंडर ठरवणार, आम्ही फक्त कॉन्फिग भरणार.’ मग निदान एका मॉड्यूलचं डिझाइन त्याच्याकडे सोपवता येतं. फ्रीडमचा अर्थही विचारूनच घ्यावा. डोंबिवलीहून अंधेरीला येणाऱ्या टेस्टरला टेक्नॉलॉजी निवडण्याची मुभा नको असेल, सकाळची गर्दी टाळून अकराला लॉगिन करण्याची हवी असेल.

मोठी अडचण साहेबांची. ते समोर बसले की पॉवर आणि स्टेटस हे पत्ते मुकाट उजव्या टोकाला जातात; ‘मला अधिकार हवाय’ असं चारचौघांत कोण म्हणणार? म्हणून मॅनेजरने आपले पत्ते शेवटी उघडावेत, नाहीतर सरळ एकेकाशी अर्धा तास बसावं. या दोनांपैकी आम्ही एकेकाशी बसण्याचा मार्ग सुचवू.

संचात पगाराचा पत्ता नाही, आणि ते योग्यच आहे. पण पगार बाजारभावापेक्षा कमी असेल तर आधी तो सुधारा, तोवर पत्ते कपाटात राहू द्या. अप्रेझलच्या महिन्यात तर नकोच. त्या दिवसांत माणूस मनातलं सोडून रेटिंगला शोभेल असा क्रम लावतो. पत्त्यांचे फोटोही एचआरच्या फाइलमध्ये जाऊ देऊ नयेत. एकदा गेले की पुढच्या वेळी खरा क्रम कोणी लावणार नाही.