किल्ल्याच्या रस्त्याचे बॅनर: डिझाईन एक नंबर, फिटिंग बोगस

अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरच्या जुन्या वस्तीत किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यानं खांबाला उभे लटकवायचे बॅनर आमच्या मंडळानं करून घेतले, 2 बाय 5 फुटाचे, 20 नग, आणि तेव्हापासून जो तो विचारतो की कुठून केले, किती लागले, पैसे वसूल झाले का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. दुकानाचं नाव इथं टाकत नाही कारण पुढं तक्रारीपण आहेत आणि मालकाशी रोजची नमस्कार-चमत्कार आहे, ज्याला खरंच काम द्यायचं त्यानं मला पर्सनल विचारावं. दुकान हायवेच्या बाजूला आहे, खाली मशीन, वर डिझाईनचं टेबल, बाहेर वाढदिवसाचे फ्लेक्स गुंडाळून ठेवलेले, म्हणजे आपल्याकडं असतं तसंच.

फरक आहे तो डिझाईनवाल्या पोट्ट्यात. आतापर्यंत ज्या ज्या फ्लेक्सवाल्याकडं गेलो त्याचा पहिला प्रश्न असते "फोटो किती अन् मोठा फोटो कोनाचा", हा पोट्टा म्हणे "भाऊ, हे वाचनार कोन? गाडीवरचा का पायदळ चालनारा?" आम्ही एकमेकाच्या तोंडाकडं पाहत राहिलो. मंग स्वतःच आला रस्त्यावर, संध्याकाळी गर्दीच्या टायमाला, कागदावर वेगवेगळ्या साईझमध्ये "बाळापूर" छापून आणलं होतं ते खांबाला चिकटवलं आणि समोरच्या पानठेल्यावरच्या लोकायले विचारलं कोणतं दिसतं कोणतं नाही. त्याचं गणित असं की 10 फुटाला 1 इंच अक्षर धरायचं, म्हणजे 30 फुटावरून वाचायचं असेल तर 3 इंच, आणि मराठीत वर वेलांटी खाली उकार असते म्हणून त्याच्यावर अजून जागा सोडायची, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसते. हे मला तरी पहिल्यांदा कोणी समजावून सांगितलं.

आता मजकूर. आमच्या मंडळात एक रिटायर गुरुजी आहेत, इतिहासाचे, त्यांनी प्रत्येक बॅनरसाठी पानभर निबंध लिहून दिलेला. पोट्ट्यानं सगळं मन लावून वाचलं आणि म्हणे "गुरुजी लय भारी लिवलं, पन हे वाचाले मानूस खांबाखाली चहा घेऊन बसला पाह्यजे." गुरुजी आधी तडकले, मंग हसले. शेवटी एका बॅनरवर एक नाव, एक चित्र, एक ओळ, एक साल, बस. आणि खरं सांगतो, तेवढ्यानंच भांडणं कमी झाली, कारण जितका मजकूर तितके वाद.

एक वाद मात्र चांगला झाला. नेटवर कुठंही पाहा, बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं 1721 मध्ये बांधायला घेतला आणि एलिचपूरचा (आताचं अचलपूर) नवाब इस्माईल खान यानं 1757 मध्ये पूर्ण केला असं लिहिलेलं सापडते, सगळे एकमेकाचं छापतात. पोट्ट्यानं तेच उचललं होतं. गुरुजी म्हणाले, अरे बाबू, आझमशहा 1707 मध्येच आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत भावाच्या सैन्याकडून मारला गेला, तो 1721 मध्ये कुठून आला वीट लावायला? पोट्ट्यानं तिथल्या तिथं 1721 खोडलं आणि बॅनरवर फक्त "किल्ला पूर्ण : 1757" ठेवलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता की छापून झालं भाऊ, चालते. यानं प्रूफ (छापायच्या आधीचा तपासायचा नमुना) काढून गुरुजींची सही घेतली, आणि प्रत्येक बॅनरच्या प्रूफवर घेतली. ही सवय त्या दुकानातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

तसंच छत्रीचं. नदीकाठची ती काळ्या दगडाची छत्री आपण लहानपणापासून मिर्झाराजे जयसिंगाची छत्री म्हणतो. मंडळातल्या एकाला तिथं "समाधी" लिहायचं होतं, वजनदार वाटते म्हणून. पण मिर्झाराजे पुरंदरच्या तहानंतर (1665) दोन वर्षांनी, 1667 मध्ये बुऱ्हाणपूरला वारले, मंग समाधी इथं कशी? छत्रीच लिहिलं. आणि इथंच दुसऱ्या फ्लेक्सवाल्यांचा फेमस घोळ होता होता राहिला, तो म्हणजे "छञी". मोबाईलवर टाईप करताना त्र च्या जागी ञ टाकतात आणि दिसायला जवळपास सारखंच म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, जिल्ह्यातले अर्धे बोर्ड पाहा, "छञपती", "मिञ मंडळ", "राञी". आमच्या एका मेंबरनं व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मजकुरात तेच होतं, पोट्ट्यानं स्वतःहून बदललं. "वऱ्हाड" मधला र पण त्यानं नीट आणला, नाहीतर जुन्या फॉन्टमध्ये तो र सरळ रफार होऊन ह च्या डोक्यावर जाऊन बसते आणि वर्‍हाडाचं भलतंच काही होते. तो युनिकोडमध्ये टाईप करते आणि मंग कोरलमध्ये, म्हणजे डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये, घेऊन अक्षरं कर्व्ह करून टाकते (अक्षराचं चित्रासारखं आकारात रूपांतर), म्हणजे मशीनवर फॉन्ट नसला तरी जोडाक्षर तुटत नाही. ज्यांना बॅनर करायचे त्यांनी आपल्या डिझाईनवाल्याला एवढं एक तरी विचारा.

रंगाबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. बाळापूरसारख्या गावात रस्त्यावर कोणताही रंग लावा, दुसऱ्या दिवशी तो कोणाचा तरी असते. भगवा लावला तर यांचा, हिरवा लावला तर त्यांचा, निळा लावला तर तिसऱ्यांचा, आणि इलेक्शन जवळ असेल तर विचारूच नका. पोट्टा किल्ल्यावर गेला, भिंतीचे फोटो काढले, आणि विटांचाच रंग उचलला, कारण आपला किल्ला विटांचा आहे, नरनाळा-गाविलगडासारखा दगडाचा डोंगरी नाही. छत्रीवाले सोडून सगळे बॅनर विटकरी, अक्षरं मळकट पांढरी, छत्रीवाले तेवढे काळ्या दगडाच्या रंगाचे. कोणालाच आपला वाटला नाही म्हणून सगळ्यांना चालला. हे डोकं त्यानं लावलं, आम्ही नाही.

उर्दूचं पण तसंच निभावलं. वस्तीत उर्दू वाचणारे भरपूर, मराठीच्या खाली एक ओळ उर्दू पाहिजे असं ठरलं, एकदोघं कुरकुरले की कायद्यात बसते का. आता हा प्रश्न आपल्या बाजूच्याच पातूरचा आहे, तिथल्या नगर परिषदेच्या पाटीवरची उर्दू थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि एप्रिल 2025 मध्ये कोर्टानं सांगितलं की मराठीसोबत उर्दू लिहायला कायद्यानं मनाई नाही. त्यामुळं तो विषय पाच मिनिटात संपला. पोट्ट्याला उर्दू येत नाही आणि त्यानं येते असं नाटकही केलं नाही. उर्दू शाळेच्या एका सरांकडून इनपेजमध्ये (उर्दू टाईपिंगचं सॉफ्टवेअर) ओळ टाईप करून घेतली, तिचं चित्र करून डिझाईनमध्ये बसवली आणि छापायच्या आधी त्यांना परत दाखवली. दाखवली म्हणून वाचलो, कारण एका बॅनरवर ओळ आरशात पाहिल्यासारखी उलटी झाली होती आणि आमच्यापैकी कोणालाच ते कळलं नव्हतं.

फोटोचा सीन झालाच. तो होणारच होता. वर्गणी देणारे तीन-चार जण म्हणे "पैसे आमचे अन् फोटो मिर्झाराजाचा?" एकानं तर पासपोर्ट फोटो खिशातून काढून टेबलावर ठेवला. पोट्ट्यानं शांतपणे त्यांचे फोटो टाकून एक नमुना स्क्रीनवर करून दाखवला, किल्ला मागं, पुढं चार चेहरे हात जोडून, आणि म्हणे "दादा, हे पाहा, लोकायले वाटन किल्ला तुमच्या वाढदिवसाले आला." सगळे हसले, फोटो खिशात गेला. मार्ग असा निघाला की स्टँडच्या बाजूला एक वेगळा बोर्ड, त्यावर वर्गणीदारांची नावं, फोटो नाही, रस्त्यावरचे बॅनर स्वच्छ. मला विचाराल तर डिझाईनचे अर्धे पैसे या एका कामाचे.

मटेरियलमध्ये त्यानं फ्लेक्स नको, पॉलिस्टरचा कपडा घ्या असा सल्ला दिला. रेट फुटामागं दुपटीच्या वर गेला हे खरं आहे. पण अकोल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते आणि त्या उन्हात स्वस्त छपाईतला लाल-पिवळा आधी उडते, उरते तो निळा, म्हणून जुन्या फ्लेक्सवरचे पुढारी निळे पडलेले दिसतात. शिवाय फ्लेक्स म्हणजे प्लॅस्टिक, उतरवला की एक तर कोणाच्या गोठ्यावर जाते नाहीतर उकिरड्यावर जाळतात आणि तो धूर विषारी असते. कपडा घेतला ते बरं केलं, एक उन्हाळा काढला, रंग थोडा उतरला पण विटकरी असल्यामुळं उतरलेलापण जुन्या विटेसारखाच दिसते.

आता तक्रारी. डिझाईन खुर्चीवर बसणाऱ्यानं केलं आणि फिटिंग दुकानानं ज्या दोघांना पाठवलं त्यांनी पुरी वाट लावली. ठरलं होतं की वर-खाली खिसा शिवून त्यात पाईप घालायचा आणि दोन्ही पाईप पट्टीनं खांबाला आवळायचे. वरचा पाईप बरोबर बसवला, खालचा बहुतेक बॅनरला घातलाच नाही, सुतळीनं गाठ मारून मोकळे झाले. पहिलंच वावधन आलं आणि सकाळी पाहतो तर अर्धे बॅनर खांबाला गुंडाळलेले, वेशीजवळच्या एकावर "बाळापूर" मधलं नुसतं "पूर" दिसत होतं, आणि नदीकाठच्या गावात पावसाच्या तोंडावर खांबावर पूर लिहिलेलं, लोकायनं काय फोटो काढले म्हणता. फोन केला तर मालक म्हणे "हवेचं आम्ही काय करावं". हवेचं नाही भाऊ, पाईपाचं करा. शेवटी आला माणूस, पाईप घातले, पण त्याची मजुरी वेगळी लावली, ते मला पटलेलं नाही आणि मी तोंडावर सांगितलं.

दुसरं म्हणजे टाईम. दिलेली तारीख गेली, कारण मधात कोण्या नेत्याचा वाढदिवस आला आणि मशीन सगळी तिकडं. अ‍ॅडव्हान्स आमचापण होता. तिसरं, ओरिजिनल फाईल मागितली तर देत नाहीत, म्हणे फाईल दुकानाची. जेपीजी दिली, ती पुन्हा मोठी छापायला कामाची नाही. हे काम द्यायच्या आधीच कागदावर लिहून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.

परवानगीचं काम त्यांच्याकडं नसते, ते आपल्यालाच करावं लागते. नगर परिषदेची लेखी परवानगी घेतली, तिचा नंबर आणि मुदत बॅनरच्या खालच्या कोपऱ्यात छापली. महावितरणच्या खांबाला हात लावू नका, करंटचा विषय आहे, आम्ही फक्त नगर परिषदेच्या पथदिव्याच्या खांबांची परवानगी मागितली. किल्ला आणि छत्री संरक्षित स्मारकं आहेत, तिथल्या भिंतीला खिळा-दोरी काहीच लावलं नाही, शेवटचा बॅनर किल्ल्याच्या बराच अलीकडं थांबवला. फिटिंगवाले म्हणत होते की दरवाज्यालाच मस्त बसते. गुरुजींनी असं पाहिलं त्यांच्याकडं की गुपचूप शिडी उचलली.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा बॅनर कोणता म्हणाल तर 1720 चा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बाळापूरजवळ निजामुल्मुल्कानं दख्खनचा मोगल नायब सुभेदार आलम अली खान याला लढाईत मारलं, मराठ्यांची फौज आलम अलीच्या बाजूनं होती, आणि पुढं चार वर्षांनी, 1724 मध्ये, दख्खन निजामाच्या हातात गेलं. बॅनरवर एवढंच आहे: "बाळापूरची लढाई, 1720". पोरं थांबून विचारतात कोणामधी झाली, कोण जिकलं, आणि खालचा दुकानदार आता स्वतःच सांगते, दरवेळी थोडं वाढवून.

मार्क द्यायचे तर डिझाईनला 5 पैकी 5, छपाईला 4, फिटिंगला 1, तोही वरचा पाईप बरोबर लावला म्हणून. काम देणार असाल तर पोट्ट्यालाच भेटा, काऊंटरवर मालकाशी बोलून परत येऊ नका, आणि फिटिंगचा माणूस आपला घ्या, गावातला वेल्डिंगवाला पट्ट्या आणि पाईप दोन्ही स्वस्तात करून देते. वाढदिवस-इलेक्शनच्या सीझनमध्ये जाऊच नका. दुपारी पण नको, तिकडं लाईन जाते आणि मशीन बंद असते, सकाळी 10 च्या आत पोट्टा निवांत असते.