जॅम्युलस: कोथरूडचा तबला, हडपसरची पेटी

नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर तानपुरा लावा, सॉफ्टवेअर त्याला पंख्याची घरघर समजून गिळून टाकतं. जॅम्युलस हे सॉफ्टवेअर तसं करत नाही. फुकट, मुक्तस्रोत आणि फक्त आपापल्या घरून इंटरनेटवर एकत्र वाजवण्यासाठीच बनवलेलं. पथ्यं मात्र पाळावी लागतात.

वाय-फाय बंद, लॅन केबल लावायची. हेडफोन वायरचेच, ब्लूटूथवर आवाज इतका उशिरा पोचतो की सम हुकलीच म्हणून समजा. विंडोजवर आसिओ ड्रायव्हर (साउंड कार्डचा विलंब कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) लागतो, साउंड कार्ड ४८,००० हर्ट्झवर हवं. जॅम्युलसमधला एकूण विलंबाचा दिवा ४३ मिलिसेकंदांपर्यंत हिरवा, ६८ पर्यंत पिवळा, पुढे लाल. सगळ्यांचे आवाज सर्व्हरवर जातात आणि एकत्र होऊन परत येतात, त्यामुळे युरोपातला सर्व्हर निवडलात तर लालच. मग द्रुत तीनताल विसरा. त्यापेक्षा दोघांपैकी एकाने आपल्याच संगणकावर सर्व्हर चालवावा, राउटरवर २२१२४ हा यूडीपी पोर्ट (बाहेरून येणाऱ्या डेटाची वाट) उघडून. नेटवाल्याने पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) दिला नसेल तर हे जमत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या.

सगळ्यात जास्त चुकतं ते वेगळंच: आपला थेट आवाज ऐकत वाजवलं की लय मागे मागे पडते. सर्व्हरवरून परतणारा आवाजच ऐकायचा. सुरुवातीला हात अडखळतो.

चित्र नाही. चेहरे हवेतच तर बाजूला जित्सीचा व्हिडिओ कॉल, त्याचे माइक-स्पीकर बंद ठेवून.