सोलर वॉटर हीटर: नऊ महिन्यांचा अनुभव, वाळपईच्या थंडीसकट

गेल्या एप्रिलच्या अखेरीस आम्ही गच्चीवर 100 लिटरचा, 10 काचेच्या नळ्यांचा सोलर वॉटर हीटर बसवला. आता जानेवारी संपत आलाय. ऊन, पाऊस आणि थंडी तिन्ही बघून झाली, म्हणून आत्ता लिहितोय.

"गोव्यात कसली थंडी?" असं किनाऱ्याकडचे लोक म्हणतात. आमच्या सत्तरी तालुक्यात यंदा पहाटे अंगणात 17 अंश होते आणि धुकं नऊ वाजेपर्यंत हलत नव्हतं. घरात सत्तरी ओलांडलेली आई आणि सकाळी सातला शाळेला निघणारी मुलगी. गरम पाण्याशिवाय आमचं चालत नाही.

मे महिन्यात पाणी इतकं कढत येई की आधी बादलीत थंड पाणी घ्यायची सवय सगळ्यांना लावावी लागली. जून ते सप्टेंबर टाकीतल्या 2 किलोवॅटच्या कॉइलवरच दिवस काढले. 100 लिटर पाणी 27 अंशांवरून 45 वर न्यायला तासाभराहून थोडा जास्त वेळ आणि दोनेक युनिट वीज लागते. पावसाळ्यात याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

थंडीची तयारी मी आईमुळे वेळेत केली. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी न्हाणीतलं तांब्याचं भाण चिंचेनं लख्ख घासून, कारिटाची वेल बांधून पाणी भरायची रीत. आई म्हणाली, "भाण घासतोस तर गच्चीवरच्यालाही घास." वर जाऊन बघतो तर नळ्यांवर शेवाळाचा हिरवा थर आणि लाल धूळ! मऊ फडक्यानं पुसलं, पण सकाळी ऊन यायच्या आत. तापलेल्या नळीला गार पाणी लागलं तर काच तडकू शकते. टाकीही म्हणूनच भर दुपारी रिकामी करून भरू नये. तळाचा प्लग काढला तेव्हा बादलीभर गढूळ पाणी निघालं.

प्लंबरनं मॅग्नेशियमची कांडीही काढून दाखवली. टाकीऐवजी गंज तिला लागावा म्हणून ती असते. आमचं पाणी विहिरीचं, जांभ्या दगडातलं. त्यात क्षार फार नसतात, पण ते किंचित आम्लधर्मी असतं. त्यामुळे कॉइलवर पांढरा थर जवळजवळ नव्हता, कांडी मात्र सहा महिन्यांतच बरीच झिजली होती. चिऱ्याच्या जमिनीतली विहीर असेल तर वर्षातून एकदा ही कांडी बघाच. आम्हाला विकताना हे कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीचं अभ्यंगस्नान उत्तम झालं. डिसेंबर लागला आणि पाणी कोमट यायला लागलं. आधी नळ्यांवर संशय घेतला. नळीच्या बुडाशी चंदेरी डाग असतो. आतली पोकळी फुटून हवा शिरली की तो पांढरा पडतो. दहाही डाग चंदेरी होते. मग एका रविवारी सकाळपासून गच्चीतच बसलो आणि उत्तर सापडलं. दक्षिणेच्या दोन माडांची सावली साडेनऊपासून दुपारी एकपर्यंत नळ्यांवरून हटलीच नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला गोव्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, माडाची सावली त्याच्या बुंध्याशीच पडते. बसवणाऱ्यांनी त्याच उन्हात जागा ठरवली. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम 51 अंशांवर असतो, सावली उत्तरेला लांब पसरते. थंडीत लागणारं यंत्र थंडीतल्या सूर्याचा विचार करून बसवायला हवं, ही साधी गोष्ट. तिच्यासाठी आमच्या आईनं पंधरा दिवस कोमट पाण्यानं आंघोळ केली, याचं मला अजून वाईट वाटतं.

माड तोडायचा विचारही केला नाही. हीटरच गच्चीच्या पूर्व टोकाला हलवला. आता तीननंतर थोडी सावली येते, तेवढी चालते. आधी दुपारी चारला टाकीतलं पाणी 40 अंशांच्या आत असे, आता 60 च्या पुढे जातं आणि पहाटे सहालाही 52–53 मिळतं. टाकीभोवतीच्या पफच्या, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमच्या, थराचं काम मला मनापासून आवडलं.

हलवल्यामुळे न्हाणीपर्यंतचा पाइप मात्र 18 मीटरचा झाला. पाऊण इंची पाइपात तेवढ्या लांबीत पाचेक लिटर पाणी मावतं, ते रात्री गार होतं. सकाळी आधी तेच येतं. ती बादली तुळशीला आणि अबोलीला जाते. पाइपाला फोमचं वेष्टण घातलंय. पहिल्या माणसाला त्याचा उपयोग नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला चांगलाच आहे. उघडा फोम उन्हानं भुसभुशीत होतो, म्हणून वरून अ‍ॅल्युमिनियमची टेप गुंडाळली.

चार माणसांच्या घरानं हा घ्यावा का? माझ्या मते जरूर घ्यावा, पण जागा डिसेंबरात बघून ठरवा आणि पैसे मगच द्या. नोव्हेंबरपासून आमची कॉइल दोनदाच लागली, दोन्ही वेळा ढगाळ दिवशी. आईची आंघोळ आता सगळ्यात शेवटी असते, पाइप तापलेला असतो तेव्हा.