तयार सेट की मापाने जुळवलेला?

गोल्फच्या काठ्यांचा नवा सेट घ्यायला निघालेला माणूस आधी ड्रायव्हरपाशी, म्हणजे सगळ्यांत लांब मारायच्या काठीपाशी, रेंगाळतो. मला वाटतं, आयर्नपासून, म्हणजे धातूच्या चपट्या पात्याच्या काठ्यांपासून, सुरुवात करावी. हल्लीच्या बऱ्याच ड्रायव्हरांचा लॉफ्ट, म्हणजे तोंड मागे कललेलं असतं तो कोन, हेड आणि दांड्याचा जोड फिरवून थोडाफार बदलता येतो, त्यामुळे दुकानातला तयार ड्रायव्हर उचलला तरी फारसं बिघडत नाही. आयर्नमध्ये ही सोय नसते.

मी तयार सेटवर तीन वर्षं खेळलो. फोंड्याहून पहाटे निघायचं, करमल घाट उतरून काणकोणला राजबागच्या नऊ होलांच्या कोर्सवर पोचायचं, आणि पहिला फटका डावीकडे. चुकलेला फटका डावीकडे गेला असता तर समजलं असतं. पण हा मधोमध बसलेला, हाताला गोड लागलेला फटका असायचा. लांब आयर्नने चेंडू जरासा सरकायचा, नाइन आयर्न आणि वेज या जास्त लॉफ्टच्या आखूड काठ्यांनी मात्र थेट झुडपांत. ज्याला विचारावं तो म्हणायचा, मनगट लवकर फिरतंय. मी पकड बदलली, पाय बदलले, शेवटी उजवीकडे नेम धरायला लागलो. ती सवय मोडायला पुढे वर्ष गेलं. माझा निर्णय झाला तो या एका त्रासापायी. बाकी मुद्दे नंतर सुचले.

पुण्याला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा फिटिंग, म्हणजे काठ्यांचं माप आपल्या फटक्याशी जुळवणं, करून घेतलं. फिटरने सेव्हन आयर्नच्या तळाला टेप चिकटवली आणि कडक फळीवर ठेवलेला चेंडू मारायला सांगितला. टेपवरची खूण हीलच्या, म्हणजे दांड्याकडच्या, बाजूला उमटली. म्हणजे फटक्याच्या क्षणी टो, हेडचं पुढचं टोक, वर उचललेला. लाय, म्हणजे दांड्याचा जमिनीशी होणारा कोन, माझ्यासाठी फार उभा. अशा वेळी उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या आयर्नचं तोंड आपोआप डावीकडे वळतं, आणि लॉफ्ट जितका जास्त तितकं अधिक. वेजचं कोडं तिथेच सुटलं. मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप मात्र अगदी स्टँडर्ड निघालं होतं. नुसतं उभं करून माप घेतलं असतं तर काहीच सापडलं नसतं, कारण माझे हात खाली येतात ते मारताना. म्हणून जिथे चेंडू मारायला लावत नाहीत, तिथल्या फिटिंगवर मी पैसे घालणार नाही.

यात नवं काही नाही. पिंग कंपनी १९७२ पासून लायप्रमाणे आयर्नवर रंगीत ठिपके देते. काळा ठिपका म्हणजे स्टँडर्ड.

तयार सेटची बाजूही खरी आहे. तो स्वस्त पडतो, आज घेतला की उद्या खेळता येतो, आणि फिटिंगसाठी राज्याबाहेर जाण्याचा खर्च वाचतो. खेळायला लागून चारसहा महिनेच झाले असतील तर स्विंग अजून बदलत असतो. तेव्हा मापाचा सेट घेण्याची घाई कदाचित नको. घामाने ग्रिप निसटते, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार, पण कॉर्डची, म्हणजे धागा घातलेली खरखरीत, ग्रिप कुठल्याही सेटवर चढवता येते.

मधला रस्ता म्हणजे आहे तोच सेट वाकवून घेणं. हेड फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेली, असतील तर दोनेक अंश सहज वाकतात, आणि मी आधी तेच करून बघेन. माझी कास्ट, म्हणजे ओतीव, होती. मोडतील म्हणून फिटरने हात लावला नाही. मग दोन अंश फ्लॅट, म्हणजे कमी उभ्या, लायचा नवा सेट मागवला. लांबी होती तीच ठेवली. अंतर वाढलं असं म्हणवत नाही, पण आता नेम झेंड्यावर धरतो आणि चांगला बसलेला फटका तिकडेच जातो.

जुना सेट सावंतवाडीच्या भाच्याला दिला. तो सहा फूट उंच, मारताना हात वर राहतात. त्याच वेजने त्याचा चेंडू सरळ जातो.